दुसरा जामीनदार

मोहगाव, तहसील सौंसर
१२ सप्टेंबर २०२५

मा. मॅडम,

तुमच्या ऑफिसचं पत्र मिळालं. चार वर्षांनी पोरीचं पत्र यावं आणि त्याच्या डोक्यावर जावक क्रमांक असावा, असं भाग्य किती बापांच्या वाट्याला येतं कोण जाणे. पोस्टमनने विचारलं, "बाबूजी, दिल्लीवून काय आलं?" मी म्हटलं, "सरकारी हाये." तुझ्या आईने माझ्या हातातून पाकीट ओढलं, सही पाहिली आणि आत निघून गेली. नंतर बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

काम समजलं. पांढुर्ण्यात भागी नावाची एक बाई आहे, सिंधहून आलेली, कडेवर दीड वर्षाची मुलगी. नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा मागून निघणार होते, तेवढ्यात सीमा बंद झाली आणि ते तिकडेच अडकले. तुमच्या संस्थेचं या बाजूला कोणी नाही. म्हणून 'जवळच्या एखाद्या जबाबदार व्यक्तीने' तिला भेटावं आणि तिला कशाकशाची गरज आहे ते कळवावं. हे शब्द तू स्वतः लिहिलेस की टाइप करणाऱ्याने, ते काही समजलं नाही. तुझे असतील तर माझ्याबद्दल तुझं मत बदललेलं दिसतं.

हे लिहितोय तर तुझी आई पाठीमागे उभी राहून वाचतेय. "पोरीले मॅडम म्हनून राहिले? लाज नाई वाटत?" मी म्हटलं, "तिनं मले महोदय लिवलं, तवा तिले वाटली का?" याचं उत्तर तिला नाही, तुला विचारतोय. तुझ्याकडे असलं तर कळव. नसलं तरी चालेल.

काल बसने पांढुर्ण्याला जाऊन आलो. भागी तिच्या लांबच्या मामाकडे राहते. घनश्याम सेठ, कापडाचं दुकान. तेच तिचे जामीनदार, म्हणजे ही बाई आमच्या ओळखीची आहे आणि नीट राहील असं सरकारला लिहून देणारे. दुकानामागच्या गोदामात तिला जागा दिली आहे. आपला संत्र्याचा बगीचा बघायला नागपूरचा व्यापारी येतो तसा मी गेलो. व्यापारी एक चक्कर मारतो, चार झाडांखाली उभा राहून मान वर करतो आणि भाव सांगून मोकळा होतो. मीही खोलीत नजर फिरवली, माझ्या हिंदीत विचारलं, "बाई, क्या क्या लगता है?" ती म्हणाली, "कुछ नहीं, बाबा." म्हणजे भिडस्त आहे.

तर माझा अंदाज असा: एक गादी, दोन ब्लँकेट, पोरीसाठी दूध, बाईला दोन साड्या, पोरीचा कान वाहतो त्याचं औषध. पंखा आहे, पण आवाज फार करतो. अहवाल संपला.

घरी आल्यावर तुझ्या आईने एकच विचारलं, "रडली का ते?" मी म्हटलं, "मी कायले इचारू?" तेव्हापासून ती माझ्यावर घुश्शात आहे. पुढच्या खेपेला स्वतः येते म्हणाली आहे. तुमच्या ऑफिसची हरकत नसावी.

आपला,
यशवंतराव


मोहगाव
२७ सप्टेंबर

तृप्ती,

पहिला अहवाल फाडून टाक. गादी-ब्लँकेट काही पाठवू नका. आमच्या हातून फार मोठा घोळ झाला, आणि तो ऑफिसच्या भाषेत लिहिता येत नाही, म्हणून मॅडम वगैरे आज बाजूला ठेवलं आहे.

परवा तुझी आई माझ्यासोबत पांढुर्ण्याला आली. नवरात्र सुरू झालेलं. सवाष्ण बाई, एकटी, परमुलखात, म्हणून तिने ओटीचं सामान बांधून घेतलं: साडी, खण, नारळ, तांदूळ. मलाही ते योग्यच वाटलं. गोदामात गेल्या गेल्या तिने भागीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली. आपल्याकडे बाई ओटीतले चिमूटभर तांदूळ भरणारीला परत देते. भागीने दिले नाहीत. पदर घट्ट धरून बसून राहिली. तुझ्या आईला ते खटकलं, पण तिला वाटलं, असेल त्यांच्याकडची रीत वेगळी. आणि मी दारात उभं राहून मोठ्या मायेने म्हटलं, "अब तुम्हारा सब बंदोबस्त हो जाएगा."

आता ऐक. आमच्या आधी आठवडाभर सेठाणी तिच्या कानाशी लागली होती, की तू जोधपूरला जा, तिकडे तुमचे लोक आहेत, आम्हाला पोलिसांचा त्रास नको. आणि भागीच्या गावात एखाद्या बाईला घरातून कायमचं लावून द्यायचं असलं की तिच्या पदरात कापड आणि नारळ घालतात. तिने काय समजायचं? एक म्हातारा आला, सगळं बघून गेला. मग बायकोला घेऊन आला, पदरात नारळ घातला, बंदोबस्त होईल म्हणाला.

काल सकाळी मी बगिच्यात, गळलेली संत्री वेचून खड्ड्यात टाकून राहिलो होतो. घनश्याम सेठचा फोन. "बाऊजी, आपने उसको क्या बोला? वो तो बच्ची को लेके निकल गई!" परवानगीशिवाय तिला जिल्हा सोडता येत नाही, हे तुमच्याच पत्रात लिहिलं होतं. गाडीत चढली असती तर पुन्हा इथे परवाना मिळाला नसता, आणि पुढे तिच्या नवऱ्याला इकडे यायचा अर्ज करायला आधारच उरला नसता. गजेंद्रची गाडी मागितली. तोच तो शेजारचा, तुझ्या वर्गातला. तुझी आई पिठाच्या हातानेच बसली.

पांढुर्णा स्टेशनवर इटारसीकडची गाडी उशिरा होती म्हणून निभावलं. बाकावर बसली होती. एक पिशवी, पोरगी, आणि नारळ तसाच पदरात. मला पाहून उभी राहिली आणि म्हणाली, "आपने विदा कर दिया, तो जा रही हूँ, बाबा. गुस्सा नहीं हूँ." गुस्सा नाही म्हणाली! मी स्टेशनवर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. मला दुसरं काय येतं, तुला माहीत आहे.

तुझी आई मात्र तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "अवं माय, आमच्यात ओटी जानाऱ्या लेकीची भरतेत, पण ते परत यावं म्हनून." भागीला अर्धं कळलं, अर्धं नाही. मग आईने भागीच्या पिशवीतून ओटीच्या त्याच तांदळाची चिमूट काढून आपल्या पदराला बांधली आणि म्हणाली, "हे पाय, एवढे माह्याजवळ राहिले. आता तुले यावंच लागते." तेव्हा ती रडली. पहिल्या भेटीत मी जे विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर असं फलाटावर मिळालं.

सेठ तिला परत ठेवून घ्यायला तयार नाहीत. वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. म्हणून ती कालपासून आपल्याकडे आहे, तुझ्या खोलीत. तुझी आई विचारायला थांबलीच नाही. ठाण्यात जाऊन मी पत्ता बदलल्याचं लिहून दिलं आहे. गावात काय बोलणं चाललं असेल ते तू ओळखशील.

यशवंत


मोहगाव
९ ऑक्टोबर

तृप्ती,

तुमच्या ऑफिसच्या दोन ओळी मिळाल्या. 'लाभार्थीचे स्थलांतर झाल्याची नोंद घेतली.' बरं केलं. इथे लाभार्थीने तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची चौकोनी तुकडे कापून त्यांची गोधडी शिवली आहे, तिच्याकडे त्याला रिल्ली म्हणतात, आणि मी तुम्हाला दोन ब्लँकेट कळवत होतो.

गरज काय ते आता कळलं आहे. फोन. पाच मिनिटांचा.

सेठच्या फोनवर तिकडचे फोन यायचे. सीमा बंद झाल्यावर पोलीस एकदा विचारपूस करायला दुकानात आले, तेव्हापासून सेठने ते बंद केले. तिने उन्हाळ्यापासून मुलाचा आवाज ऐकलेला नाही. तिच्या स्वतःच्या फोनची काच फुटलेली, तो चार्जच होत नाही. हे तिने मला सांगितलं नाही. तुझ्या आईला सांगितलं, तेही कापूस वेचताना, तोंड दुसरीकडे करून.

खरं सांगतो, मीही घाबरलो. पाकिस्तानचा नंबर माझ्या फोनवर? दोन दिवस घरात येरझारा घातल्या. तुझी आई म्हणाली, "अहो, बसा ना एका जागी, मले गरगरून राहिलं." शेवटी सरळ ठाण्यात गेलो. ठाणेदार तरुण पोरगा आहे. म्हणाला, "काकाजी, माँ बच्चे से बात करेगी, इसमें क्या गुन्हा है? नंबर लिखवा दीजिए, बस." इतकंच होतं ते. आणि त्यासाठी ती बाई उन्हाळ्यापासून तोंड मिटून बसली होती. डोकंच फिरलं माझं, सेठवर की स्वतःवर ते माहीत नाही.

काल संध्याकाळी फोन लागला. आधी नवरा, हरेश, बोलला. मग मुलगा. त्याचं नाव सावन. मी बगिच्याच्या बांधापर्यंत लांब गेलो होतो, पण सगळं दिसत होतं, तिचं बोलणं ऐकूही येत होतं. ती बोलत होती, बोलत होती. सावन एक शब्द बोलला नाही. धाकट्या चंदाला घेऊन गेलीस आणि मला इथेच टाकलंस, म्हणून रागावला आहे. नऊ वर्षांच्या पोराला सीमा काय समजावून सांगणार? तिने त्याला इथली झाडं कशी आहेत ते सांगितलं, चंदा आता कुत्र्याला बोलावते ते सांगितलं, पलीकडे सगळं गप्प. मला वाटलं, आता ही फोन ठेवणार. मी असतो तर ठेवला असता. तिने नाही ठेवला. पोरगा बोलेपर्यंत नाही, बॅटरी संपेपर्यंत बोलली.

परत येऊन मला फोन दिला आणि हसून म्हणाली, "सुन रहा था, बाबा. काटा नहीं उसने."

मी त्यानंतर जेवलो नाही. भूक नव्हती. कारण विचारू नकोस.

आता ऑफिसचं काम. सेठने जामीन काढून घेतला आहे. नोव्हेंबरअखेर तिची मुदत संपते. त्याआधी दोन नवे जामीनदार दिले नाहीत तर तिला इथे राहता येणार नाही, आणि मग हरेशने कोणाच्या पत्त्यावर अर्ज करायचा? दोघांपैकी एक सरकारी नोकर किंवा पेन्शनर असला पाहिजे, असं कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं. एक मी. शेतकऱ्याने कोणाला जामीन राहू नये हे आमच्या वडिलांनी मला लहानपणापासून बजावलं होतं, तरी मी. दुसरा बघतो. आपल्या भाऊबंदांत पेन्शनर काही कमी नाहीत.

बाबा


मोहगाव
२७ ऑक्टोबर

तृप्ती,

'दुसरा जामीनदार निश्चित झाला आहे काय? कृपया तातडीने कळवावे.' हे पत्र ऐन दिवाळीत आलं. तुमच्या ऑफिसला दिवाळीची सुट्टी नसते का? की फक्त तुला नसते?

नाही झाला निश्चित. सौंसर, पांढुर्णा, सगळं पालथं घातलं. आपले लोक चहा देतात, चकली देतात, चंदाच्या हातावर लाडू ठेवतात, बाई चांगली आहे म्हणतात, आणि सहीचं नाव काढलं की त्यांना एकदम कुठेतरी जायचं असतं. एकाची मुलगी लग्नाची आहे. एकाला पेन्शन बंद होईल अशी भीती आहे. रिटायर्ड तलाठ्याने तर सरळ हात वर केले.

शेवटी श्रावणभाऊकडे गेलो. माझा चुलतभाऊ, हेडमास्तर होता, तुला बाराखडी त्याने शिकवली. म्हटलं, तो नाही म्हणणार नाही. तो म्हणाला, "पाकिस्तानच्या बाईले जामीन? बह्याड झाला का तू, यशवंता? तुह्या पोरीनं एकदा नाक कापलं, आता जे उरलं ते तू कापून देऊन राहिला."

मी उठून आलो. चप्पल घालायला विसरलो, गजेंद्रने नंतर आणून दिली.

त्या रात्रीपासून भागी सावध झाली आहे. तिने काही ऐकलं असणार. रोज सकाळी पिशवी भरून ठेवते आणि संध्याकाळी रिकामी करते. तुझी आई तिला काही म्हणत नाही. मलाही बघवत नाही, म्हणून मी बगिच्यात जातो, तिथे काही करमत नाही, म्हणून परत येतो. व्यापाऱ्याला मी भावसुद्धा नीट सांगितला नाही या वर्षी. त्याला वाटलं मी आजारी आहे.

आणि काल जेवताना तुझी आई म्हणते, "बोरगावले मोतीरामजी हायेत ना."

मी हातातला घास ताटात टाकला. तिला माहीत आहे की या घरात ते नाव घेत नाहीत. तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पेन्शनर आहेत, अक्षर चांगलं आहे, सगळं मला माहीत आहे. चांगला माणूस आहे हेही माहीत आहे, वीस वर्षं आम्ही एकाच कचेरीच्या एकाच खिडकीशी भांडलो आहोत, तो आतून आणि मी बाहेरून. पण ज्याच्या मुलाशी तू माझ्या मर्जीविरुद्ध लग्न केलंस, ज्याच्या दारात मी चार वर्षं पाय ठेवला नाही, त्याला जाऊन म्हणू की सही दे? आमचे लोक जे करत नाहीत ते तुमच्या जयभीमवाल्या घराने करावं म्हणून? त्या दिवशी तो मोठा माणूस स्वतः माझ्या दारी आला होता, लग्नाचं बोलायला. मी त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं होतं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

या विषयावर मी जास्त लिहिणार नाही. ऑफिसला कळव की प्रयत्न चालू आहेत.

बाबा


मोहगाव
६ नोव्हेंबर

तृप्ती,

गेलो होतो.

तुझी आई, भागी, चंदा आणि मी. बोरगावला उतरल्यावर मी आईला म्हटलं, तू पुढे हो, मी जरा पानठेल्यावर थांबतो. ती म्हणाली, "तुमी पुढं व्हा. मी मागून ढकलते." आणि खरंच पाठीवर हात ठेवला.

मोतीरामजी ओट्यावर पेपर वाचत होते. चष्म्यावरून पाहिलं, उभे राहिले. मी तयारी करून गेलो होतो, दोन-तीन वाक्यं पाठ केली होती. त्यांनी ती बोलूच दिली नाहीत. "या, बसा. उनातून आले." आणि आत वळून, "इंदू, पाणी आन." पहिलं पाणी. तो तांब्या हातात घेताना मला कुठे बघावं कळेना.

कागद दिले. तुझे सासरे कागद कसा वाचतात ते तुला माहीतच असेल. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. मी मांडी बदलत राहिलो. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला नाही, भागीला विचारलं, "बेटा, तुम खुद यहाँ रहना चाहती हो? या ये लोग रख रहे हैं इसलिए?"

तृप्ती, दोन महिने होत आले, मी तिच्या कानदुखीपासून कांबळीपर्यंत सगळं तुम्हाला कळवलं, पण हे तिला मी विचारलं नव्हतं. सेठनेही नाही, साहेबाने नाही, तुमच्या ऑफिसच्या प्रश्नांतही ते नव्हतं. तिने पदर नीट केला. म्हणाली, "रहना है. सावन के बापू को मैंने फोन पे यही गाँव बताया है. मैं हिल गई तो वो किस रास्ते आएँगे?" मोतीरामजींनी मान हलवली आणि सही केली. पेनही स्वतःचंच घेतलं.

मग चहा. इंदूबाईंनी, तुझ्या सासूने, मला विचारलं, साखर किती. तुझ्या आईला विचारलं नाही. तिच्या हातात सरळ बिनसाखरेचा कप दिला.

मी बघत राहिलो. तुझ्या आईची साखर सुटून दीडच वर्ष झालं आहे. त्या घरात ती चार वर्षं गेली नाही, असा माझा समज होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे चहा प्यायली. इंदूबाईंच्या लक्षात आलं, बिचाऱ्या गोंधळल्या, मोतीरामजी एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले. मी कुठे बघावं म्हणून भिंतीकडे पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक फोटो होता. दोन शेंड्या, पिवळा फ्रॉक, जेमतेम दोन वर्षांची, आणि कपाळ आपल्या घरचं. तुझं. म्हणजे माझंच.

चंदा त्या फोटोला हात लावायला धडपडत होती. इंदूबाईंनी सांगायला तोंड उघडलं, "हे आपली..." आणि मी हात वर केला. "नका सांगू," म्हटलं. त्यांना वाटलं मला राग आला. राग नव्हता, बाई. त्या क्षणी मला कोणी काही सांगितलं असतं तर मी त्या ओट्यावर, त्या माणसासमोर रडलो असतो, आणि ते मला नको होतं.

येताना बसमध्ये मी तुझ्या आईकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसलो. उतरताना मात्र तिने माझा हात धरला, गुडघ्याचं निमित्त करून.

अजून साहेबासमोर दोघांनी हजर व्हायचं आहे. पुढच्या आठवड्यात.

बाबा


मोहगाव
१४ नोव्हेंबर

तृप्ती,

काम झालं. सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या फाइलला लागेल तेवढं घे आणि बाकी तुझ्याजवळ ठेव.

काल पांढुर्ण्याच्या कचेरीत मोतीरामजी माझ्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कागदांची पिशवी. नोव्हेंबर महिना, हयातीचे दाखले द्यायला आलेल्या पेन्शनरांनी आवार भरलेलं. ज्यांनी ज्यांनी मला सही नाकारली ते निम्मे तिथे हजर. श्रावणभाऊ तर आमच्या खोलीच्या दारातच उभा, लाइन तिथूनच होती. त्याने मोतीरामजींना पाहिलं, मला पाहिलं, आणि कान टवकारले.

साहेबांनी भागीला चार प्रश्न विचारले. तिने नीट उत्तरं दिली. मग कागद उलटसुलट करून त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. एक मोहगावचा, एक बोरगावचा, आडनावं वेगळी. ठरवून कोणीही दोन माणसं धरून आणतात, असा त्यांचा अनुभव असणार. विचारलं, "आप दोनों आपस में एक दूसरे को कैसे जानते हैं? क्या संबंध है?"

मोतीरामजींना सांगता आलं असतं. ओळखीचे आहोत म्हणाले असते तरी निभावलं असतं, कदाचित. पण ते टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. माझ्यावर सोडलं त्यांनी, आणि तो त्यांचा हक्क होता. भागी माझ्याकडे बघत होती. तिची पिशवी सकाळपासून भरलेली, पायाशी ठेवलेली. दारात श्रावणभाऊ.

मी म्हटलं, "समधी हैं मेरे. मेरी बेटी इनके घर में है."

आवाज जरा मोठाच निघाला. लाइनीतलं बोलणं थांबलं. साहेबांनी मान न उचलता लिहून घेतलं, त्यांना त्यात काय. शिक्का मारला. भागीला पुढची मुदत मिळाली, आणि हरेशचा अर्ज आता आपल्या पत्त्यावर होईल. बाहेर पडताना श्रावणभाऊ बाजूला झाला. मोतीरामजी त्याच्याजवळून जाताना म्हणाले, "नमस्कार, गुरुजी," आणि मला म्हणाले, "चला हो, बस चुकन." आम्ही दोघं भागीची पिशवी धरून बसस्टँडपर्यंत चाललो. तिने काल ती रिकामी केली, आज सकाळी भरली नाही.

सावन अजून बोललेला नाही. पण परवा फोन त्यानेच लावला होता. भागीने उचलला तर गप्प बसला. चंदाने ओरडून कुत्र्याला बोलावलं, तेव्हा पलीकडून हसू आलं.

तुमच्या पहिल्या पत्रात शेवटी विचारलं होतं, याव्यतिरिक्त अन्य कोणती गरज? तिची गरज नवरा आणि मुलगा ही आहे, ती माझ्या हातातली नाही आणि तुझ्याही नाही. तिथे तेच लिही.

माझं कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. त्या फोटोतल्या पोरीचं नाव मला अजून माहीत नाही. तुझी आई सांगायला टपून बसली आहे, मी कानावर हात ठेवतो. मोतीरामजींना काल बसमध्ये विचारता आलं असतं, नाही विचारलं. माझी चूक होती की तुझी, ते तू दिल्लीत बसून ठरव, मी भांडायला येणार नाही. सावनसाठी माझा फोन आता दिवसभर खिशात चालू असतो, बगिच्यातसुद्धा. नंबर तोच आहे, जुना.

तू फोन कर. काही बोलायचं नसलं तर बोलू नकोस, मी बोलीन. तिचं नाव तेवढं सांग.

बाबा